बाप्पाची उजवी

अनंता,

परवा तुझी शोकसभा झाली. तू नव्हतास ते एका परीने बरंच झालं. असतास तर मागच्या रांगेत माझ्याशेजारी बसला असतास आणि शाळेत सांगायचे तसं आपल्या दोघांनाही बाहेर उभं राहायला सांगितलं असतं.

वक्ते पुष्कळ होते. प्रत्येकाने "मला शब्द सुचत नाहीत" अशी सुरुवात केली आणि मग सुचत नसलेले शब्द बराच वेळ पुरवले. एकाने तू असंख्य हृदयं बरी केलीस असं सांगितलं. छातीचा डॉक्टर म्हणजे हृदयाचा, अशी त्याची समजूत. तू जन्मभर फुप्फुसांच्या दारात उभा राहिलास आणि दगा शेजारच्या घरातून झाला, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? दुपारी जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. दुखणं नाही, खोकला नाही, दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला नाही. रुग्ण म्हणून तू कुणाच्याच वाट्याला आला नाहीस.

एका चौकाला तुझं नाव द्यावं अशीही सूचना आली. वडखळ नाका मोकळा असता तर मी हात वर केला असता. का ते तुला ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी पुढे सांगतो.

टेबलावर तुझा मोठा फोटो होता, त्याला झेंडूचा हार. फोटो पाहिल्यापासून मला काहीतरी खटकत होतं. चष्मा तुझा, नाक तुझं, सदराही तुझा. पण माणूस तुझ्यासारखा दिसणारा दुसराच कुणीतरी. तुझा चुलतभाऊ असता तर असा दिसला असता. काय चुकलंय ते मला भाषणं संपेपर्यंत कळलं नाही.

*

आपली ओळख नकाशावरूनच झाली. शाळेत भूगोलाच्या वहीत कोकणचा नकाशा काढून आणायचा होता. मी काढला. तू माझा कागद खिडकीच्या काचेला लावलास, त्यावर तुझा ठेवलास आणि गिरवून काढलास. फक्त माझा कागद काचेला पालथा लागला होता. तुझ्या कोकणाला समुद्र पूर्वेकडून लागला आणि सह्याद्री पश्चिमेला गेला. गुरुजींनी वही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली आणि विचारलं, "अनंता, तुझ्या गावाला सूर्य समुद्रातून उगवतो काय रे?"

तू म्हणालास, "गुरुजी, मागून बघितलं तर बरोबर आहे."

छडी बसली, पण म्हणणं खरं होतं. पुढे तुझा सगळा धंदा त्या एका वाक्यावर चालला.

तू मुंबईहून छातीचा डॉक्टर होऊन पेणला परतलास तोवर मी तिथल्याच खारबंदिस्तीच्या कचेरीत आरेखक म्हणून चिकटलो होतो. खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून जे बांध घालतात त्यांचे नकाशे काढायचे, हे काम. मुख्य खाडी, तिला फुटलेल्या उपखाड्या, त्यांना फुटलेले ओहोळ. वर्षानुवर्षं मी तेच काढत आलो. साहेब बदलत, बांध फुटत, नकाशे तेवढे कोरडे राहत.

एका रविवारी सकाळी तू दवाखान्यात बोलावलंस. दिव्याच्या पेटीवर सिटीस्कॅनची फिल्म लावली होती. छातीच्या काकडीसारख्या चकत्या, एकीखाली एक.

"ह्या चकत्या एकावर एक रचून मला आतल्या नळ्यांचा नकाशा काढून दे," तू म्हणालास.

"मी खाड्यांचा माणूस आहे."

"ह्या खाड्याच आहेत. भरती-ओहोटी जरा घाईने होते, इतकंच."

मग तू समजावलंस. छातीच्या फोटोत वाटाण्याएवढा डाग दिसतो. तो क्षयाचा, की जुन्या जखमेचा वण, की वाईट गाठ, हे फोटो सांगत नाही. तुकडा काढून तपासला तर कळतं. तुकड्यासाठी एकतर छाती उघडायची, नाहीतर नाकातून दुर्बीण घालून श्वासनळ्यांतून डागापर्यंत जायचं. पण नळीला फाटे फुटतात, फाट्यांना पुन्हा फाटे, आणि दुर्बीण पेन्सिलीएवढी जाड. थोड्या वळणांनंतर तीच अडकते. तिथून पुढे तारेचा बारीक चिमटा सरकवायचा, तोही न बघता, क्ष-किरणांच्या पडद्यावर दिसणाऱ्या सावलीच्या भरवशावर. पहिल्याच फाट्याला चुकलं तर चिमटा भलत्याच गावाला जातो, निरोगी तुकडा आणतो, आणि माणूस "काही नाही" असं ऐकून आनंदाने घरी जातो. तो आनंद तुला सगळ्यात धोक्याचा वाटायचा.

"मग बाकीचे डॉक्टर काय करतात?" मी विचारलं.

"बरेचजण आत शिरतात आणि मग शोधतात. अरे, पेणहून सुटलेली एसटी कुठे जायचं ते वडखळला पोचल्यावर ठरवते का?"

तेव्हापासून रविवार सकाळ आपली. मी प्रत्येक चकतीतली नळीची भोकं ट्रेसिंग पेपरवर उतरवायचो, कागद एकावर एक ठेवायचो आणि ठिपके जोडत झाड पूर्ण करायचो. तू शेजारी उभा राहून वाट ठरवायचास. तुझ्या सिस्टर मालतीबाई चहा आणायच्या. तू मला "नकाशे" म्हणायला लागलास. त्यांना ते माझं आडनावच वाटलं, आणि त्यांच्यामुळे अर्ध्या पेणला. आजही मला श्री. नकाशे यांच्या नावाने लग्नपत्रिका येतात.

वाटेला नावं तू दिलीस. मोठी श्वासनळी म्हणजे पेणचा रस्ता. ती जिथे दुभंगते तो वडखळ नाका. उजवीकडे अलिबाग, डावीकडे नागोठणं. मी तिथल्या तिथे हरकत घेतली. उजवी नळी रुंद आणि सरळ असते, डावी अरुंद आणि तिरकी, हे तूच शिकवलं होतंस. वडखळला तर मोठा महामार्ग नागोठण्याकडे जातो.

"महामार्ग डावीकडे गेला ही बांधणाऱ्यांची चूक," तू म्हणालास, "फुप्फुसाची नाही."

हे भांडण मिटलं नाही. वडखळ नाक्याला तुझं नाव लागलं तरी मिटणार नाही.

*

पहिला मोठा प्रसंग पांडूदादांचा. पेणजवळच्या जोह्याचे मूर्तिकार. कारखान्यात माती कालवणारे, रंग देणारे बरेच, पण बाप्पाच्या डोळ्यांची आखणी स्वतः पांडूदादा करायचे. त्यांच्या उजव्या फुप्फुसात, वरच्या भागात, डाग होता.

दुर्बिणीच्या खोलीत त्या दिवशी गर्दीच होती. शेजारच्या हाडांच्या डॉक्टरांकडे त्या दिवशी कुणाचा पाय मोडलेला नव्हता, म्हणून त्यांचं पडद्याचं यंत्र ढकलत आणलं होतं, त्यांच्या माणसासकट. मी शिशाचा जड कोट घालून, दिव्याच्या पेटीवर माझा कागद लावून उभा. पांडूदादा उताणे, नाकात दुर्बीण, घसा औषधाने बधिर. त्यांना बोलता येणार नव्हतं म्हणून तू आधी सांगून ठेवलं होतंस, "दुखलं तर हात वर करायचा. मी लगेच थांबेन."

वडखळ आलं. तू म्हणालास, "आता उजवीकडे."

मालतीबाई कागद बघून म्हणाल्या, "साहेब, कागदावर तर डावीकडं हाय."

"उजवीकडेच."

"कुणाच्या उजवीकडं?"

पडद्याचा माणूस त्याच्या जागेवरून म्हणाला, "इथून बघितलं तर डावीकडे."

मी म्हणालो, "फिल्मवर डावीकडे आहे म्हणजे त्यांची उजवी."

"मी पण त्यांची उजवीच म्हणतोय!"

"मग कागद असा का हाय?" मालतीबाई.

आणि तेवढ्यात पांडूदादांनी उजवा हात वर केला.

सगळे गार. तू दुर्बीण जागच्या जागी थांबवलीस. "दुखतंय?" दादांनी मान हलवली, नाही. हात तसाच वर, पंजा पुढे, बोटं जुळलेली. मालतीबाईंना पहिल्यांदा उमगलं. "साहेब, दुखत नाय त्यांना! बाजू दाखवतायत! बाप्पाची उजवी!"

पेणच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. उजव्या सोंडेचा गणपती मागायला येणारी माणसं हटकून उलट्या मूर्तीकडे बोट दाखवतात, कारण ती स्वतःची उजवी धरतात. प्रत्येक कारखान्यात दिवसातून कितीदा तरी तेच सांगावं लागतं: शेठ, उजवी बाप्पाची, तुमची नाय. पांडूदादा नाकात नळी असताना, आशीर्वादाचा हात दाखवत, तुला हेच सांगत होते.

मग तुझ्याच डोक्यात प्रकाश पडला. फिल्म म्हणजे समोरून दर्शन. दुर्बीण धरून तू उभा होतास दादांच्या उशाशी, म्हणजे मखराच्या मागे. तू म्हणालास, "नकाशे, कागद पालथा कर."

ट्रेसिंगच्या कागदाचा हा एक गुण आहे, पालथा केला तरी दिसतो. मी पालथा करून लावला आणि कागदावरची वाट तुझ्या डोळ्यांपुढच्या वाटेशी जुळली. ज्या युक्तीने तू शाळेत कोकणचा समुद्र पूर्वेला नेलास तीच ही. त्या वेळी छडी मिळाली होती, या वेळी तुकडा मिळाला.

घशातला बधिरपणा उतरल्यावर दादांचं पहिलं वाक्य होतं, "साहेब, जल्म गेला सोंडा वळवन्यात. मला उजवी-डावी इचारायची ना!"

"तुमच्या नाकात नळी होती, दादा."

"हात हुता ना मोकला."

दादांचा डाग वाईट निघाला. पण लहान होता आणि एकटाच होता. मुंबईला नेऊन कापून काढला. पुढच्या गणपतीला दादा पुन्हा आखणीला बसले. परवा तुझ्या सभेला ते पहिल्या रांगेत होते. ज्यांनी भाषणं केली त्यांच्यापेक्षा त्यांचं नुसतं तिथे बसून श्वास घेणं जास्त मुद्द्याचं होतं.

दर वेळी असं झालं नाही, हेही लिहायला हवं, नाहीतर तू रागावशील. कितीदा तरी चिमटा रिकामा आला. कितीदा तरी वाट कागदावर होती आणि छातीत नव्हती. तू तसं सरळ सांगायचास: "मला पोचता आलं नाही. मुंबईला जा." मानपत्रांत हे वाक्य कुणी छापत नाही. माझ्या मते तू बोललेल्या वाक्यांत ते सगळ्यात चांगलं.

दवाखान्यात त्यानंतर एक नियम झाला. आपल्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. फोटो लावला की आधी बाजू बघायची, आजार मग. मालतीबाई प्रत्येक फोटो लावताना म्हणायच्या, "बाप्पाची उजवी," आणि मगच दिवा लावायच्या.

*

मग माझी पाळी आली.

गणपती गेले तरी माझा खोकला जाईना. आठवड्यातून एक दिवस तू माझ्या गावी, रोह्याला, दवाखाना चालवायचास, तिथे फोटो काढला. तू आधी बाजू बघितलीस. मग आजार बघितलास. सिगारेट मी ओढत होतो, वर्षानुवर्षं, तुझ्यासमोर. तू त्यावर एक शब्द काढला नाहीस, आणि तेव्हाच मला कळलं की प्रकरण साधं नाही.

डाव्या बाजूला, खाली, मागच्या अंगाला. वाटाण्याएवढा.

मुंबईहून सिटीस्कॅन करून आलो त्या रविवारी तू ट्रेसिंगचा कागद माझ्यापुढे ठेवलास. "काढ."

"माझाच?"

"तुझ्याएवढी काळजी दुसऱ्या कुणाला असणार?"

कचेरीत सगळे म्हणायचे, नकाशेचा हात दगडासारखा. त्या दिवशी पेन्सिलीचं टोक पुन्हा पुन्हा मोडत होतं. तू समोर बसलास, ब्लेड घेतलंस, आणि टोक करून देत राहिलास. मी मोडायचो, तू करायचास. एकही विनोद केला नाहीस.

शेवटी मीच विचारलं. "पांडूदादांसारखं असलं तर?"

"तर लहान आहे. लहान असताना गाठायचं म्हणून तर हा खटाटोप."

"आणि गाठता नाही आलं तर?"

"तर सांगेन. मी खोटं बोलतो का?"

नाही. तेवढं मात्र तू कधी केलं नाहीस.

झाड पूर्ण झालं आणि लगेच आपण माणसांत आलो, म्हणजे भांडायला लागलो. डाग आपण 'रोहा' ठरवला होता, कारण मी रोह्याचा. नागोठण्यापर्यंत एकमत होतं. तिथून पुढे डागाकडे जाणाऱ्या दोन बारीक नळ्या होत्या. एक आखूड, पण तिला विचित्र बाक. दुसरी लांबून वळसा घेणारी, पण सरळ. आपल्याकडे एसटीलाही रोह्याला जायच्या ह्याच दोन वाटा आहेत.

"निडीवरून," तू म्हणालास. "जवळ पडतं."

"कोलाडवरून. लांब पडतं, पण खिंड नाही."

"निडीपर्यंत दुर्बीण जाईल. पुढे चिमटा पायी."

"खिंडीत अडकेल तुझा चिमटा. मी रोज जातो-येतो त्या रस्त्याने."

"तू रोज तुझ्या फुप्फुसातून जातोस-येतोस?"

"तुझ्यापेक्षा जास्त!"

मालतीबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "मी सांगू? रेल्वेनं जावा." दोघांनीही त्यांच्याकडे असं बघितलं की त्या दिवशी त्या पुन्हा चहाही द्यायला आल्या नाहीत.

ठरलं काहीच नाही. तू कागदावर दोन्ही वाटा लाल पेन्सिलीने रंगवल्यास आणि म्हणालास, "आत गेल्यावर बघू." म्हणजे ज्या एसटीची तू जन्मभर टिंगल केलीस, तीच.

घरी माझी बायको सुमन तांदूळ निवडत होती. निवडून झाले, तिने सूप झटकलं, आणि तेच तांदूळ पुन्हा सुपात घेऊन निवडायला बसली. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून पेपर वाचत राहिलो. पेपर कुठल्या दिवसाचा होता ते मला आजही सांगता येणार नाही.

दुर्बिणीच्या टेबलावर उताणं पडल्यावर माणसाला स्वतःच्या विद्वत्तेचा काही उपयोग नसतो. घसा बधिर झाला की आपला घसा दुसऱ्याचा वाटतो, आणि त्या दुसऱ्यालाही तो नको असतो. तू उशाशी होतास, मखराच्या मागे. तुझा आवाज तेवढा यायचा. "वडखळ. डावीकडे. नागोठणं." मी मनातल्या मनात थांबे मोजत होतो. मग तू म्हणालास, "थांबा. इथे दोन तोंडं आहेत. मालती, कागद पालथा आहे ना?"

"व्हय साहेब. बाप्पाची डावी."



अनंता, त्या वेळी मला मरणाची भीती वाटत होती, असं लिहायला हवं. खरं सांगायचं तर तू निडीने जाशील याची जास्त वाटत होती. मी हात वर केला.

"दुखतंय?"

मी मान हलवली. हात वर ठेवला. पांडूदादांचं सोपं होतं, त्यांना उजवी दाखवायची होती. 'कोलाड' हाताने कसं दाखवतात? मी बोटं फिरवून वळसा दाखवायचा प्रयत्न केला. पडद्याच्या माणसाला वाटलं मला फिट आली.

"कळलं मला तू काय म्हणतोयस," उशाकडून आवाज आला. "गप्प पड. आता श्वास घे. सोड. सगळा सोड."

मी सोडला. छातीत खोल कुठेतरी हलकासा चिमटा बसला, कुणीतरी सदऱ्याचं बटण ओढावं तसा. मग पडद्याचं यंत्र तिरकं फिरवलं, तुझं काहीतरी पुटपुटणं, पुन्हा "श्वास घे, सोड," पुन्हा बटण.

"पोचलो," तू म्हणालास.

घसा मोकळा झाल्यावर माझा पहिला प्रश्न हाच, की कुठून गेलास?

तू हसलास. तुझं ते हसू, ज्यात फक्त डावा गाल वर जायचा आणि उजवा कामावर असायचा. "रोह्याला पोचलो ना? मग कुठल्या गाडीने आलो ते कशाला हवं?"

*

तपासणीचा निकाल यायचा होता त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांना माहीत आहेत, आणि ज्यांनी काढले नाहीत त्यांच्यावर ते येऊ नयेत.

तू निरोप पाठवला नाहीस, फोन केला नाहीस. रोह्याला तुझा दवाखान्याचा दिवस नसताना भर दुपारी दारात उभा राहिलास. सुमनने वालाचं बिरडं केलं होतं. ती दारातच थबकली. डॉक्टर न बोलावता घरी आला तर कोण घाबरणार नाही? तू चप्पल काढता काढताच बोललास, तेवढी अक्कल तुला होती.

"गाठ नाही. क्षय आहे. गोळ्या खायच्या, पूर्ण खायच्या, मध्ये सोडायच्या नाहीत."

सुमन म्हणाली, "गोळ्यांनी जाईल?"

"जाईल."

"नक्की?"

"वहिनी, क्षय म्हणजे आपल्या ओळखीतला आजार. दुसरा पाहुणा येतो की काय अशी भीती होती, तो नाही आला."

"मग हात धुवा आणि बसा जेवायला," असं म्हणून ती आत गेली, आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आपण दोघं उठलो नाही. काही वेळा माणसाला भांडी पाडायला एकटं सोडावं.

संध्याकाळी तिने शेजारी पेढे वाटले. क्षय झाला म्हणून पेढे वाटणारं रोह्यातलं ते पहिलंच घर असेल. पुढे कितीतरी महिने माझ्या गोळ्या चालल्या, लघवी केशरी झाली, सिगारेट सुटली, आणि डाग सुरकुतून एक बारीक वण उरला. तो वण मी अजून बाळगतो. माझ्या छातीत तू काढलेल्या रस्त्याच्या टोकाला ते एक छोटंसं गाव आहे.

मी तुझे आभार मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती. आपल्यात पद्धत होती ती भांडायची. रोह्याच्या तुझ्या दवाखान्याच्या दिवशी, शेवटचा रुग्ण गेला की मी यायचो आणि विचारायचो, "निडी की कोलाड?" तू दर वेळी नवं उत्तर द्यायचास. "होडीने." "मला आठवत नाही." "तूच सांग, रस्ता तुझा." रोह्याच्या पुढे कोकणात रेल्वे सुरू झाली तेव्हा म्हणालास, "आता तर थेट गाडी आहे." मी चिडायचो, तुझा डावा गाल वर जायचा, आणि मग आपण चहा घ्यायचो.

तू आठवड्यातून एकदा रोह्याला केवळ रुग्णांसाठी येत होतास, अशी माझी समजूत होती.

*

तर परवाची सभा. भाषणं संपली. लोक फुलं वाहायला रांगेने पुढे सरकायला लागले. पांडूदादा पहिल्या रांगेतून उठून माझ्यासाठी थांबले होते, ते माझ्यापुढे. ते फोटोसमोर उभे राहिले आणि हलेचनात. आखणी करणारा माणूस चेहऱ्याकडे बघतो तसं त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. मग मागे वळून हळू आवाजात, म्हणजे चौथ्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा, म्हणाले, "नकाशे, साहेब उलटे हायत."

मी बघितलं. भांग उजवीकडे. सदऱ्याचा पेनाचा खिसा उजवीकडे. वर गेलेला गाल, उजवा. फोटो मोठा करून देणाऱ्याने निगेटिव्ह पालथी लावली होती. सगळ्या गावाने हार घातला, भाषणं केली, डोळे पुसले, आणि फोटो लावल्यावर आधी बाजू बघायची हे एकालाही सुचलं नाही. माझ्यामागून मालतीबाईंचा आवाज आला. त्यांनी पदर तोंडाला लावला होता, पण शब्द ऐकू आले: "बाप्पाची उजवी!"

आणि मला हसू फुटलं. दादांनाही. मालतीबाईंना तर आवरेना. शोकसभेत तिघंजण हसतायत हे बघून अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिलं, गुरुजी बघायचे तसंच. कुणाला वाटलं आम्हाला दुःख सहन झालं नाही. तेही काही खोटं नव्हतं.

हसून झाल्यावर मालतीबाईंनी डोळे पुसले आणि मला बाजूला घेतलं. "नकाशेसाहेब, एक सांगायचं हाय. साहेबांनी मला बजावून ठेवलेलं. म्हणायचे, मालती, त्याला सांगू नको गो, कुठून गेलो ते. सांगितलंस तर भांडायला यायचा नाय तो. आता साहेबच नाय. सांगू का? मी तिथंच हुते. कागद माझ्याच हातात हुता."

इतकी वर्षं मी तो प्रश्न विचारत होतो, आणि उत्तर चहाचा कप घेऊन माझ्यासमोरून ये-जा करत होतं.

"नको गो बाई," मी म्हणालो.

"नको?"

"नको."

त्यांनी मान डोलावली. त्यांना बहुतेक हेच ऐकायचं होतं.

माझी पाळी आली. फूल हातात घेऊन मी तुझ्यापुढे उभा राहिलो आणि हळूच विचारलं, "निडी की कोलाड?"

तू हसलास. नेहमीसारखाच, एका गालाने. आता तो गाल डावा म्हणायचा की उजवा, हे आपलं पुढचं भांडण.